शाळेच्या लॅपटॉपचा पडदा : त्याची निगा व स्वच्छता

(केंद्रशाळेतील शिक्षण परिषदेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



प्राथमिक शाळेच्या जडसंग्रह नोंदवहीत एके काळी फळा, लाकडी खुर्ची, पितळी घंटा, पृथ्वीगोल, चार-दोन नकाशे आणि शाळा मोठी असली तर एखादी हार्मोनियम, एवढ्याच नोंदी असत. त्याच नोंदवहीत आता लॅपटॉपची नोंद येऊन बसली आहे. महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, त्या काळी गावकऱ्यांनी शाळेसाठी जागा दिली, दगड वाहिले, श्रमदानाने भिंती उभारल्या. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाल्यानंतर त्याच गावांनी लोकवर्गणीतून संगणक, प्रक्षेपक आणि लॅपटॉप दिले. वस्तू बदलली, देणारा हात तोच राहिला. म्हणूनच शाळेतील लॅपटॉप ही केवळ कार्यालयीन सामग्री नव्हे. कोणी मजुरीतून, कोणी दूध संघाच्या पगारातून काढून दिलेल्या पैशाची ती वस्तू होय, आणि तिची निगा हा शिक्षकाच्या विश्वासार्हतेचा भाग होय.

ह्या वस्तूचा सर्वांत नाजूक व सर्वांत महाग भाग म्हणजे तिचा पडदा, ज्याला सर्वजण स्क्रीन म्हणतात. तो बिघडतो कशाने, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर ‘धुळीने’ असे येते. वस्तुस्थिती निराळी आहे. धूळ पडद्यावर नुसती बसून राहिली तर फारसे काही बिघडवीत नाही. बिघाड होतो तो ती धूळ काढण्याच्या उत्साहाने.

एका द्विशिक्षकी शाळेत असे घडले. भजनी मंडळाने आपल्या शिलकेत थोडी भर घालून शाळेला लॅपटॉप घेऊन दिला होता. स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी शाळेची झाडलोट चालली होती. चौथीतल्या एका मुलीकडे बाईंचे टेबल आले. मुलगी कामाची, नीटनेटकी. तिने टेबल पुसले, शाईची दौत पुसली, आणि लॅपटॉप उघडून त्याचा पडदाही पुसला. घरी कपाटाचा आरसा पुसतात तसाच. काचा पुसण्याचे निळे द्रावण शाळेत होतेच, ते तिने पडद्यावर भरपूर फवारले आणि वर्तमानपत्राचा बोळा करून जोर लावून घासले. पडदा त्या वेळी स्वच्छ दिसला. दुपारी लॅपटॉप सुरू केला तेव्हा मध्यभागी तळहाताएवढा पांढुरका, ढगाळ चट्टा दिसू लागला, आणि खालच्या कडेशी काळसर डाग पडून त्यावर काही उभ्या रेषा उमटल्या. बाईंनी विचारले, तेव्हा मुलगी एवढेच म्हणाली, ‘बाई, घरी आरसा असाच पुसतात.’

त्यानंतर जे घडले ते मूळ बिघाडाहून वाईट होते. लॅपटॉप चालत होता. रेषा व चट्टा सोडून बाकी सर्व दिसत होते. परंतु लेखापरीक्षणात विचारणा होईल, वसुली निघेल, गावकरी काय म्हणतील, ह्या धास्तीने तो कपाटात गेला आणि कपाटाला कुलूप लागले. सबंध शैक्षणिक वर्ष तो तेथेच राहिला. मुलांची इंग्रजीची उच्चारफिती थांबली, गणिताचे खेळ थांबले. आणि ती मुलगी पुढे शाळा सोडून जाईपर्यंत कोणत्याही यंत्राला हात लावीनाशी झाली.

तिच्या हातून जे झाले त्याचे मूळ अज्ञानात नव्हते. जे तिला ठाऊक होते तेच तिने चुकीच्या जागी वापरले. खेड्यातल्या मुलाला पुसण्याची पहिली वस्तू मिळते ती पाटी. पाटी हा दगड आहे. ती ओल्या फडक्याने पुसावी, कोळशाने घासून काळी करावी, सदऱ्याच्या बाहीने रगडावी. तिचे काही बिघडत नाही, उलट ती उजळते. त्यानंतर मूल आरसा पुसते, कंदिलाची काच राखेने घासते, तांब्या चिंचेने उजळते. ह्या सर्व वस्तूंना घासणे मानवते. लॅपटॉपचा पडदा दिसतो काचेसारखा, पण स्पर्शाला येणारा त्याचा पृष्ठभाग बहुतांश काच नसतोच. ही गोष्ट प्रथम शिक्षकाच्या व मग मुलाच्या ध्यानी आली की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

सामान्य लॅपटॉपचा पडदा म्हणजे काचेच्या दोन अत्यंत पातळ तक्त्या. त्यांच्या मधल्या फटीत द्रव स्फटिक नावाचा पदार्थ भरलेला असतो. ती फट केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी असते. मागून प्रकाश येतो, आणि दोन्ही तक्त्यांच्या बाहेरच्या अंगास ध्रुवक नावाची प्लास्टिकची पातळ पडदी चिकटविलेली असते. आतले द्रव स्फटिक विजेच्या इशाऱ्यानुसार प्रकाशाची दिशा फिरवितात आणि पुढची ध्रुवक पडदी त्यांतला हवा तेवढाच प्रकाश बाहेर सोडते. साध्या लॅपटॉपमध्ये असे १३६६ आडवे व ७६८ उभे, म्हणजे १०,४९,०८८ ठिपके असतात. प्रत्येकात तांबडा, हिरवा व निळा असे तीन भाग धरले तर ३१,४७,२६४ छोट्या खिडक्या त्या पडद्यावर उघडझाप करीत असतात. त्यांना इशारे पोहोचविणाऱ्या तारा व सूक्ष्म मंडले पडद्याच्या कडांशी, विशेषतः खालच्या कडेशी, चौकटीआड दडलेली असतात. फवारलेले पाणी उतरणीने जाते कोठे, तर नेमके तेथेच. त्या मुलीच्या पडद्यावर उभ्या रेषा आल्या त्याचे कारण हे.

द्रव स्फटिकाचा शोध विज्ञानाच्या तासाला सांगण्याजोगा आहे. १८८८ साली प्राग येथील फ्रीडरिख रायनित्झर ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलचे एक संयुग तापवून पाहिले. ते १४५.५ अंश सेल्सिअसला वितळले, पण गढूळ राहिले, १७८.५ अंशांना एकाएकी स्वच्छ झाले. एकाच पदार्थाला वितळण्याचे दोन बिंदू कसे, ह्या कोड्यातून द्रव स्फटिकांची विद्या निघाली. भारताचाही तीत वाटा आहे: बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये चकतीच्या आकाराच्या रेणूंपासूनही द्रव स्फटिक होतात हे दाखवून दिले. गाजरापासून लॅपटॉपपर्यंतची ही वाट मुलांना फार आवडते, असा अनुभव आहे.

असो. पडद्याच्या अगदी बाहेरच्या थरावर, म्हणजे त्या ध्रुवक पडदीवर, एक कठीण लेप दिलेला असतो आणि प्रकाशाची तिरीप डोळ्यांवर येऊ नये म्हणून तो किंचित खरबरीत ठेवलेला असतो. हा खरबरीतपणा डोळ्यांना दिसत नाही, पण पडदा मंद, धुरकट दिसतो तो त्यामुळेच. ह्या लेपाचे काठिण्य कारखान्यात कसे मोजतात हे ऐकून शिक्षकांना गंमत वाटेल. ते मोजतात पेन्सिलीने. वाढत्या कठीणपणाच्या पेन्सिली ठरावीक दाबाने त्यावरून ओढतात, आणि जिचा चरा उमटत नाही अशी सर्वांत कठीण पेन्सिल कोणती ते पाहतात. अनेक पडद्यांच्या माहितीपत्रकात ‘३एच’ असा शेरा असतो तो ह्या कसोटीचा. म्हणजे हा लेप चित्रकलेच्या कठीण पेन्सिलीला टिकतो. पण मातीच्या कणाला टिकत नाही. दख्खनच्या पठारावरची माती काळ्या पाषाणाची झीज होऊन बनली आहे, आणि त्या पाषाणातील फेल्स्पार ह्या खनिजाचे काठिण्य मोस यांच्या मापाप्रमाणे ६ आहे. वाळूतील गारेचे ७. काचेलासुद्धा ही गार ओरखडे पाडते. खडू त्या मानाने मऊ. तो जिप्समचा असेल तर काठिण्य २, चुनखडीचा असेल तर ३. परंतु वर्गातील धूळ निव्वळ खडूची कधीच नसते. मैदानावरून शंभर पावलांनी आणलेली माती तीत मिसळलेली असते. अशी धूळ पडद्यावर असता कोरड्या फडक्याने दाबून पुसणे म्हणजे त्या फडक्याचा पॉलिश-कागद करणे होय.

दुसरा प्रकार ओरखड्याचाही नाही. एकाच जागी पुन्हा पुन्हा जोराने घासले तर लेपाचा मूळचा खरबरीतपणा झिजून तेवढा भाग गुळगुळीत होतो आणि प्रकाशात वेगळा चमकतो. हा डाग पुसून जात नाही, कारण तेथे काही लागलेलेच नसते. असलेले गेलेले असते. अनेक शिक्षक तो मळ समजून आणखी घासतात.

म्हणून आधी आपल्या शाळेतील पडदा कोणत्या जातीचा आहे हे ओळखावे. यंत्र बंद असता खिडकीसमोर धरून पडद्यात पाहावे. चेहरा आरशासारखा स्पष्ट दिसला तर पडदा चकचकीत जातीचा. नुसती सावली दिसली तर मंद जातीचा. बोटाने चालवायच्या पडद्यांवर आणि टॅबवर बहुधा खरी काच असते आणि ती अधिक सोसते. तथापि तिच्यावरही बोटाचे तेल जिरू नये म्हणून लेप असतो. दोन्ही प्रकारांना एकच सौम्य रीत लागू पडते, तेव्हा ओळखता आले नाही तरी बिघडत नाही.

आता प्रत्यक्ष रीत. यंत्र पूर्ण बंद करावे. नुसते झाकण लावून झोपविलेले चालणार नाही. चार्जरची पिन काढावी, माऊस व पेनड्राइव्ह असल्यास तेही काढावेत. झाकण उघडताच आपोआप सुरू होणारी यंत्रे असतात, ती उघडल्यावर पुन्हा बंद करावीत. पडदा निवू द्यावा, कारण गरम पडद्यावर ओल भराभर उडून तिचे पट्टे राहतात. पडदा बंद व काळा असला की धूळ व बोटांचे ठसे उत्तम दिसतात. चालू पडद्यावर ते लपतात. काम खिडकीजवळ, उजेडात करावे, पण पंखा बंद ठेवून, नाहीतर झाडलेली धूळ पुन्हा तेथेच येऊन बसते.

पहिले काम धूळ उठविण्याचे, पुसण्याचे नव्हे. मऊ, स्वच्छ, कोरडे फडके हाताच्या वजनाहूनही हलके धरून वरून खाली एका दिशेने न्यावे. प्रत्येक फेरीला फडक्याची नवी घडी घ्यावी, म्हणजे एका फेरीत उचललेला कण दुसऱ्या फेरीत पडद्यावरून फिरत नाही. रंगकामाचा, पण रंग न लागलेला, मऊ केसांचा रुंद ब्रश मिळाला तर चौकटीच्या खाचा त्याने झाडाव्यात. तोंडाने फुंकू नये. थुंकीचे बारीक तुषार उडतात व त्यांचे ठिपके वाळून बसतात. पुसताना दुसऱ्या हाताचा तळवा झाकणाच्या मागे आधाराला धरावा, नाहीतर सर्व भार बिजागरीवर पडतो. बोट टेकल्याबरोबर पडद्यावर रंगीत लाटा उठतात हे चालू पडद्यावर पुष्कळांनी पाहिले असेल. आतली ती अतिशय पातळ फट दाबली गेल्याची ती खूण. जेवढ्या दाबाने लाट उठते तेवढा दाब पुसताना कधीही पडू नये.

बहुतेक वेळा काम येथेच संपते. पडदा ओला करण्याची गरज रोज नाही, आठवड्यालाही नाही. बोटाचा तेलकट ठसा, शिंकेचे शिंतोडे, चहाचा थेंब असे काही प्रत्यक्ष दिसले तरच ओल्या फडक्याकडे वळावे. तेव्हा पाणी फडक्याला लावायचे, पडद्याला नव्हे. फडक्याचा एक कोपरा भिजवून घट्ट पिळावा. गालाला लावला तर गार लागला पाहिजे, पण पिळून एकही थेंब पडता कामा नये. ही ओलीची मर्यादा. त्या कोपऱ्याने डागावरून हलकेच, एकाच दिशेने फिरवावे. डाग निघाला नाही तर जोर वाढवू नये, वेळ वाढवावा: ओलसर कोपरा डागावर क्षणभर नुसता टेकून ठेवला की वाळलेला चहा वा थुंकी भिजून सैल होते आणि पुढच्या फेरीला सहज येते. लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने ओल टिपून घ्यावी. झाकण निदान दहा मिनिटे उघडे ठेवावे. पडदा व चौकट पूर्ण वाळल्यावाचून यंत्र सुरू करू नये.

पाणी कोणते, हा प्रश्न खेड्यात महत्त्वाचा आहे. विहिरीच्या व विशेषतः विंधन विहिरीच्या पाण्यात क्षार असतात. ते वाळले की पांढरी कडी राहतात. उकळून गार केलेले पाणीही येथे उपयोगी नाही, कारण उकळण्याने जंतू मरतात पण बरेचसे क्षार पाण्यातच राहतात. ऊर्ध्वपातित पाणी, म्हणजे डिस्टिल्ड वॉटर, तालुक्याच्या गावी ट्रॅक्टरच्या वा इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या दुकानात स्वस्तात मिळते, आणि एक बाटली शाळेला वर्षभर पुरते. मात्र येथे एक धोका नीट ऐकून ठेवावा. त्याच दुकानात, तसल्याच पांढऱ्या कॅनमध्ये बॅटरीत भरायचे आम्ल, म्हणजे सौम्य केलेले गंधकाम्ल, विकायला असते आणि ग्रामीण बोलीत दोहोंनाही ‘बॅटरीचे पाणी’ म्हणतात. बाटली शिक्षकाने स्वतः आणावी, मुलाला पाठवू नये. सीलबंद घ्यावी, वरचे लेबल वाचावे, आणि शाळेत आणल्यावर तीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहावे. हे पाणी मिळत नसेल तर पावसाळ्यात पहिल्या काही सरी जाऊ देऊन उघड्या अंगणात, पागोळीखाली नव्हे, स्वच्छ पातेल्यात धरलेले पावसाचे पाणी गाळून बाटलीत ठेवले तरी काम भागते.

वर्ज्य द्रवांची यादी लांबवण्याचे कारण नाही. काचा पुसण्याची द्रावणे, ज्यांत पुष्कळदा अमोनिया वा तत्सम रसायने असतात. नखांचा रंग काढण्याचे ॲसिटोन. रॉकेल, पेट्रोल, थिनर. साबण, भांड्यांची पावडर, सोडा, राख, रांगोळी, टूथपेस्ट. ह्यांतले काहीही पडद्याजवळ येऊ देऊ नये. २०२० नंतर पुष्कळ शाळांत हात निर्जंतुक करण्याच्या बाटल्या उरल्या आहेत व ‘हे तर डॉक्टरी द्रव’ म्हणून त्यांचा उपयोग करण्याचा मोह होतो. त्यांत ग्लिसरीन वा तत्सम पदार्थ असतात. पडद्यावर ते चिकट पट्टे ठेवतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलविषयी काही शिक्षक विचारतात. काही कंपन्या आपल्या पुस्तिकेत ते शुद्ध पाण्यात मिसळून वापरण्यास परवानगी देतात, काही केवळ पाणीच वापरण्यास सांगतात. यंत्राबरोबर आलेली पुस्तिका हातात असेल व तीत स्पष्ट लिहिले असेल तरच त्या वाटेला जावे. ती पुस्तिका बहुतेक शाळांत खोक्यासह हरवलेली असते. अशा शाळांनी पाण्यावरच थांबावे. पाण्याने न निघणारा डाग शाळेच्या पडद्यावर क्वचितच पडतो.

फडक्यासंबंधी मात्र थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण सर्वांत अधिक चूक येथेच होते. धोतराचा वा साडीचा जुना तुकडा मऊ असतो हे खरे, पण त्यात शिवणीचा दोरा, काठाची जर, धुण्याच्या दगडावरची वाळू असे काही अडकलेले असू शकते. फळ्याचे डस्टर तर नावच घेऊ नये. वर्तमानपत्र व पुसण्याचे कागद लाकडाच्या लगद्यापासून होतात, त्यांचे तंतू ह्या लेपाला खरखरीत पडतात. मायक्रोफायबर म्हणून जे फडके मिळते त्याचे धागे पॉलिएस्टर व पॉलिअमाइड ह्यांचे, केसाच्या कितीतरी पट बारीक व चिरलेले असतात. धूळ व तेल त्या चिरांत ओढले जाते, ढकलले जात नाही. हे फडके विकत घेण्याचीही पुष्कळदा गरज नसते. नव्या चष्म्याच्या डबीत जो छोटा गुळगुळीत रुमाल येतो तो बहुधा ह्याच जातीचा असतो, आणि प्रत्येक शाळेत निदान एका शिक्षकाच्या घरी तो न वापरता पडलेला असतो. तो साध्या साबणाने हलका धुवावा, भरपूर पाण्यात खळबळावा, कपडे मऊ करण्याचे द्रव लावू नये, इस्त्री फिरवू नये. सावलीत वाळवून झाकणाच्या डबीत ठेवावा. जमिनीवर पडलेले फडके धुतल्याशिवाय पुन्हा पडद्याला लावायचे नाही, एवढा एकच नियम कडक ठेवावा. अन्य नियमांत चूक झाली तर पट्टे राहतात; ह्यात झाली तर ओरखडे राहतात.

ह्या सर्व गोष्टी मुलांना तोंडी सांगून उतरत नाहीत. त्यासाठी दोन प्रयोग पुरे आहेत, आणि दोहोंना मिळून एक पैसाही लागत नाही. जुन्या सीडीच्या डबीचे पारदर्शक झाकण घ्यावे. मधोमध पेनाने रेघ ओढून दोन भाग करावेत व दोहोंवर मैदानाची कोरडी माती भुरभुरावी. एका भागावरील माती ब्रशाने हलकेच झाडून मग पुसावी. दुसरा भाग तसाच दाबून पुसावा. झाकण उन्हात तिरके धरले की मुले स्वतःच सांगतात काय झाले ते. दुसरा प्रयोग पाण्याचा: स्टीलच्या उलट्या ताटलीवर एक थेंब विंधन विहिरीच्या पाण्याचा व एक थेंब ऊर्ध्वपातित वा पावसाच्या पाण्याचा ठेवून उन्हात वाळू द्यावा. पहिल्याची पांढरी कडी राहते. तिसरीच्या मुलालाही त्यानंतर ‘नळाचे पाणी का नको’ हे समजावून सांगावे लागत नाही.

येथे एक प्रश्न उभा राहतो: मुलांनी हे काम करावे की नाही? वर सांगितलेल्या प्रसंगानंतर पुष्कळ शाळांतून ‘लॅपटॉपला मुलांनी हात लावू नये’ असा फलकच लागेल. हे उत्तर सोपे आहे, आणि चूक आहे. ज्या मुलाला पुसता येत नाही ते चोरून पुसते, आणि चोरून पुसताना सदऱ्याची बाही वापरते. पाचवीच्या वरच्या दोन मुलामुलींना रीत शिकवून, शिक्षकाच्या नजरेखाली, आठवड्यातून एकदा कोरडे झाडण्याचे काम द्यावे. ओले पुसणे शिक्षकाने स्वतःकडे ठेवावे. आणि मुलाच्या हातून काही बिघडले तर आधी त्याचे ऐकून घ्यावे. त्या द्विशिक्षकी शाळेत पुढे बदलून आलेल्या गुरुजींनी कपाट उघडले, चट्टा पाहिला, आणि शाळा व्यवस्थापन समितीपुढे यंत्र ठेवून झाले ते सांगून टाकले. समितीतील एका सभासदाने विचारले, ‘अहो गुरुजी, पण चालतोय ना?’ चालत होता. वर्षभराची धास्ती त्या एका प्रश्नात संपली. ठरावाची नोंद झाली, जडसंग्रह नोंदवहीत शेरा पडला, आणि दुसऱ्या दिवसापासून लॅपटॉप वर्गात आला. पाठाची चौकट चट्ट्याच्या डाव्या बाजूला सरकवून मुले पाहू लागली. हीच गोष्ट पहिल्याच आठवड्यात करता आली असती.

जाता जाता एक गोष्ट भेटीला येणाऱ्या अधिकाऱ्यांविषयीही सांगणे प्राप्त आहे. शाळाभेटीत पडद्यावरून बोट फिरवून ‘धूळ आहे’ असा शेरा देण्याची पद्धत काहींना आहे. पडद्यावरचा सर्वांत ठळक ठसा पुष्कळदा त्याच बोटाचा असतो. पडद्यावर काही दाखवायचे असेल तर ते माऊसच्या बाणाने दाखवावे, बोटाने, पेनाने वा छडीने नव्हे. आणि हा नियम अधिकारी, पाहुणे व विद्यार्थी ह्या सर्वांना सारखाच लागू समजावा.

पुसण्याची पाळी कमी यावी ह्यासाठी काही साध्या गोष्टी आहेत. लॅपटॉपचे टेबल फळ्यापासून शक्य तितके दूर ठेवावे. वर्ग झाडताना झाकण लावलेले असावे. वापरण्यापूर्वी हात धुवून कोरडे करावेत, कारण कळफलकावरचे तेलच झाकण लावल्यावर पडद्यावर उमटते. पुष्कळ पडद्यांवर जे चौकोनी ठसे दिसतात ते कळांचेच. झाकण लावण्यापूर्वी कळफलकावर हात फिरवून पाहावा. तेथे राहिलेला खडूचा तुकडा, पेन्सिल वा टाचणी पडदा तडकविण्यास पुरेशी असते, आणि तडकलेला पडदा कोणत्याही फडक्याने सांधत नाही.

इतके करूनही पाणी सांडले वा चौकटीत शिरले तर त्या क्षणी यंत्र बंद करावे, चार्जर काढावा. उन्हात ठेवू नये, केस वाळविण्याच्या यंत्राने तापवू नये. फडक्याने टिपून, उघडे व कळफलक खाली येईल असे उलटे धरून, सावलीत कोरड्या जागी ठेवावे आणि ‘चालते का पाहू’ म्हणून सुरू न करता जाणकार दुरुस्ती करणाऱ्याकडे न्यावे. त्याच दिवशी मुख्याध्यापकांनी तारीख, वेळ व काय झाले ते दोन ओळींत लिहून ठेवावे आणि केंद्रप्रमुखांस कळवावे. अशी त्याच दिवशी केलेली नोंद असली म्हणजे पुढील पत्रव्यवहार दोन कागदांत आटोपतो.